आज कोण बोलतंय?

ताम्हिणीच्या वळणावर दरड आली नसती, तर साहिलचा अंडी-पावाचा टेम्पो साधनाआत्याच्या ढाब्यासमोर कधी थांबलाच नसता. मारुंजीहून निघालेला हा गडी घाटातली गिऱ्हाइकं उरकायच्या घाईत असायचा. वाटेत चहाला थांबणं म्हणजे त्याच्या लेखी नुसती वेळेची नासाडी. पण त्या दिवशी रस्ताच बंद. पाऊस महिनाभर मुक्काम ठोकून बसला होता आणि धुकं इतकं दाट, की ढाब्याची पाटीसुद्धा अंदाजानं वाचायची. भिजलेली मान रुमालानं पुसत तो बाकावर टेकला, तेवढ्यात समोर एक मुलगी येऊन उभी राहिली. तिनं हात मागे बांधले, एक भुवई उचलली.

“बोला, मी ऐकतेय. घाबरू नका. जे घडलं ते सविस्तर सांगा.”

साहिल तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “आईशप्पथ, म्या काय बी केल्यालं न्हाई. एक चहा पायजे व्हता फकस्त.”

भुवई खाली आली, कान लाल झाले आणि मुलगी आत पळाली. चहा आत्यानं आणून दिला.

ती उत्कर्षा, आत्याची भाची, मूळची मारुंजीजवळच्या माण गावची. वडिलांनी शेतात खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, तेव्हापासून घराभोवती सदा नवी माणसं, नवे आवाज, दारात गाड्यांची रांग. तिला ते सोसेना, म्हणून ती ताम्हिणीला आली आणि इथंच रमली. बारावीनंतर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की हिला ऑटिझम आहे. हा आजार नव्हे, हिच्या मनाची घडणच वेगळी आहे. घरच्यांनी ‘पोरगी जरा येगळी हाय’ एवढ्यावर तो विषय मिटवला होता.

लोकांसमोर चेहरा कसा ठेवायचा, कुठं हसायचं, ‘या, बसा’च्या पुढं काय बोलायचं... हे बाकीच्यांना कोण शिकवतं, ते उत्कर्षाला कधी कळलंच नाही. मग तिनं आपली सोय आपण केली. ट्रकवाले आले की ती आत्याचा फटकळ आवाज उसना घ्यायची. शहरातली कुटुंबं आली की माणच्या एका भाडेकरू बाईंचं मधाळ हसू. आणि अनोळखी तरुण एकटाच आला, तर संध्याकाळच्या मालिकेतली वकीलबाई. ती बाई कुणाच्या बापाला भीत नसे, उत्कर्षाला तेवढं पुरे होतं.

साहिलनं वकीलबाईला लगेच ओळखलं होतं, कारण त्याची आई सारजाबाई ती मालिका लागली की घरात कुणाला खोकूही देत नसे. पुढे रस्ता मोकळा झाला, पण टेम्पोला मात्र त्या ढाब्यावरच्या चहाची तलफ लागली ती लागलीच.

“आज कोन बोलतंय?” दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं.

चोरी पकडल्यागत तिनं ग्लास चटकन खाली ठेवला. तिनं त्याच्याकडे चोरून पाहिलं. तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता.

“आत्या,” ती म्हणाली.

“तरी म्हनलं, येक ग्लास चहासाठी येवढी दटावनी कशापायी.”

ती हसली. हे हसू कुणाचं, ते आठवायचा तिनं नंतर बराच प्रयत्न केला. कुणाचंच नव्हतं ते.

मग तो खेळच झाला. तो विचारायचा, ती सांगायची, कधी तो आधीच ओळखून मोकळा व्हायचा. एका दुपारी तिनं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं सुद्धा.

“आमी बी करतो की असं,” साहिल म्हणाला. “पोलिसानं टेम्पो अडवला, की मी आमच्या मामावानी बोलतो.”

“तुमी तेवढ्यापुरतं करता. मला दिसभर करावं लागतं. सांजच्याला लई दमते मी... मग पांघरून घेऊन बसते, बोलवतच न्हाई.”

साहिलनं यावर शहाणपणाचं काही ऐकवलं नाही, तिथंच त्यानं अर्धी बाजी मारली. पुढच्या वेळी आला तो म्हणाला, “आज कुनी न्हाई बोललं तरी चालंल,” आणि बाकाच्या टोकाला गप्प बसून राहिला. दुसऱ्या टोकाला ती बसली. धुकं दरीतून वर येत होतं आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. उत्कर्षानं चहाचा गरम ग्लास उचलला, आधी एका गालाला लावला, मग दुसऱ्याला, डोळे मिटून. हे ती एकटी असतानाच करायची. ही सवय कुठून उचललेली नव्हती, तिची स्वतःची होती. साहिलनं ते पाहिलं आणि नजर वळवली... जराशी उशिरानंच.

त्याच आठवड्यात तो चाचरत म्हणाला, “आई येनार हाय उद्या. बघायला न्हाई हां... चहाला.”

चहाला म्हणजे कशाला, हे ढाब्यावरच्या मांजरालाही कळलं असतं. उत्कर्षाला रात्रभर झोप लागली नाही. तिला साहिल हवा होता, मनापासून हवा होता. त्याच्या आईसमोर कुणाला बोलवायचं? मालिकेतल्या सुना रडक्या, वकीलबाई फार आगाऊ. शेवटी तिनं ठरवलं, कुणाचंच सोंग घ्यायचं नाही.

सारजाबाई टेम्पोतून उतरली, दुखरा गुडघा दाबत बाकावर बसली. उत्कर्षानं चहा आणून ठेवला, तशी ती लांबट हेल काढून म्हणाली, “बाई बाई बाई... काय हा गारठा.”

साहिल मागे पावाचे ट्रे काढत होता. समोरासमोर फक्त उत्कर्षा आणि सारजाबाई. आणि काही कळायच्या आत उत्कर्षाचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला आणि तोंडातून तसाच हेल निघाला, “बाई बाई बाई... लईच गारठा.”

सारजाबाईचा चेहरा उतरला. “माजी नक्कल करतीस व्हय गं?” एवढंच ती म्हणाली. चहा तसाच ठेवून टेम्पोत जाऊन बसली.

पुढे टेम्पो येत राहिला, पण उत्कर्षा आतून बाहेर येईना. साहिल बाकावर एकटाच चहा घ्यायचा. त्यानं आईला हर तऱ्हेनं समजावलं होतं, पण सारजाबाईचं एकच, नक्कल ती नक्कल. आत उत्कर्षा चुलीपुढं बसून रडायची. रडताना तरी ती कुणासारखी रडत नव्हती.

मग एके दिवशी टेम्पोतून पुन्हा सारजाबाईच उतरली. तिनं आत्याला सांगून पोरीला बाहेर बोलावलं, शेजारी बसवलं आणि साहिलकडे बोट दाखवलं. बाकाच्या टोकाला आत्याशी बोलता बोलता त्यानं ग्लास उचलून आधी एका गालाला लावला होता, मग दुसऱ्याला.

“ह्ये बघ. घरी बी रोज असाच चहा पितुया. इचारलं तर म्हनतो, मला ठावंच न्हाई. कुनाचं उचललंस रं, म्हनलं, तर कान लाल झालं त्याचं,” सारजाबाई म्हणाली. “त्यो काय तुला हसत न्हाई. मग तू बी मला हसली नसशील.”

“न्हाई मावशी,” उत्कर्षा पुटपुटली. “मला लई भ्या वाटत व्हतं. समोर तुमीच व्हता... म्हनून तुमालाच धरलं.”

सारजाबाईनं तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. साहिल बाकावरून पुढं वाकला.

“आज कोन बोलतंय?”

“कुनीच न्हाई,” ती म्हणाली. “म्हनून येळ लागतोय.”

“लागू दे. पाव शिळं झालं तरी चालंल.”

ती ग्लासाकडे बघत राहिली. मग बोलली, एका सुरात, थोड्या जाडसर आवाजात. तो आवाज आत्यानंही याआधी ऐकला नव्हता.

“मला तुमी आवडता. तुमी आला की मला कुनाला बोलवावं लागत न्हाई.”

साहिल बाकावर तिच्या बाजूला जरासा सरकला, एवढंच. सारजाबाईनं दोघांकडे पाहिलं, आपला ग्लास उचलला, गालापर्यंत नेला... आणि विचार बदलून दुखऱ्या गुडघ्याला लावला.

“ब्येस वाटतंय की गं,” ती म्हणाली. “आजून येक आन.”