चष्मिशचा डाव

बसा असे जवळ, आणि ते दार लोटून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या धाकट्या मेहुण्यासमोर घडलेली आहे. तो घरोघरी इंटरनेटची लाइन जोडतो, मोबाइलही दुरुस्त करतो. भुताखेतांना न मानणारा गडी. "माझ्या वायरी भुतं नाही, उंदीर कुरतडतात," म्हणायचा.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. रात्रीचे सव्वाअकरा. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता या. लाइन तोडायचीय. पोरगं चार रात्री झोपलेलं नाही."

जोडायला बोलावणारे पुष्कळ. तोडायला बोलावणारा हा पहिलाच. मेहुणा पक्कड घेऊन गेला.

दहावीतला दांडगा पोरगा पलंगावर बसलेला. डोळे लालभडक, अंगठा मोबाइलवर चाललेला. गेम.

"ठेव की रे राजा आता," मेहुणा म्हणाला.

"तो ठेवू देत नाही, काका."

"कोण?"

"चष्मिश."

बापाचा चेहरा उतरला. मेहुण्याला दाराशी नेऊन त्याने हळूच सांगितलं. चष्मिश याच्याच वर्गातला. याने आणि याच्या टोळक्याने वर्षभर त्याचा छळ मांडला. चष्मा फोडला, संडासात कोंडलं. शेवटी त्याने शाळा सोडली, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं, रात्रंदिवस गेममध्ये डोकं खुपसून बसला. यांनी त्या गेममध्येही त्याला हुडकून काढून छळलं. तीन महिन्यांपूर्वी मोबाइलमध्ये बघतच रस्ता ओलांडत होता... ट्रकखाली गेला.

मेहुण्याने वायर कापली. राउटरचे दिवे विझले. मोबाइलमधलं सिमकार्डही काढलं.

गेम चालूच.

स्क्रीनवर अक्षरं उमटली... 'पळतोस कुठं?'

"चुकलं माझं!" पोरगा रडायलाच लागला. "सोड ना रे... पाया पडतो..."

आधीची अक्षरं पुसली गेली.

मग... 'मीही असंच म्हणायचो.'

बापाने मोबाइल हिसकावला. बंद केला.



पोराचा अंगठा हलतच होता. रिकाम्या तळहातावर.

तो अजून हलतो. डॉक्टर झाले, औषधं झाली. दिवसा ठीक. रात्र पडली की सुरू. मध्येच पुटपुटतो, "हरलो... परत?" आणि परत सुरू.

"हे आधी घराबाहेर न्या," म्हणत बापाने तो मोबाइल मेहुण्याच्या हातात कोंबला होता. मेहुण्याने आपल्या दुरुस्तीच्या दुकानात दिव्याखाली धरला, तर काचेवर वाफ, कुणी श्वास सोडल्यासारखी. पुसली. जाईना. त्याने स्क्रीन सुटी केली, बोट लावून पाहिलं...

वाफ काचेच्या आतून होती.

आणि गरम.