अख्खी सुपारी

किसनराव देवडेंची घोडागाडी सायकलच्या दुकानासमोर थांबली, तेव्हा अर्जुनराव इंगळे आत बाकड्यावर बसून शेंगदाणे सोलत होते. खामगावात खासगी गुप्तहेराला कचेरी परवडत नाही. त्यामुळे जानरावांचं दुकान हीच त्यांची कचेरी आणि खुद्द जानराव हेच त्यांचे मदतनीस. जानरावांना ट्यूबमधलं भोक चटकन सापडे. गुन्हेगार मात्र दर वेळी चुकीचाच सापडे.

"अर्जुनराव, गणपती चोरीले गेला!" किसनराव गाडीतून उतरता उतरता म्हणाले.

"कोणत्या देवळातला?"

"देवळातला नाही बाप्पा, बाहुलीचा. माह्या वृत्तीचा सारा खेळ त्याच्यावर अडून राह्यला."

किसनरावांची कापसाची जिनिंग होती. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि जिकडेतिकडे काहीतरी नवं सुरू करायची हौस होती. किसनरावांनी वारलेल्या बायकोच्या नावानं 'देवकाबाई कलावृत्ती' सुरू केली. एकाच कलेत मुरलेल्यांना पुसणारे पुष्कळ असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवी होती दोन-तीन कलांत एकदम हात घालणारी नवी पोरं. निवड एकाचीच. त्याचा दोन वर्षांचा खर्च आणि जिनिंगमागची मोठी खोली कामाला.

शेवटी उरले दोघं. साखरखेर्ड्याची मंजुळा कळसूत्री बाहुल्या घडवी, रंगवी, नाचवी आणि त्यांच्या तोंडी स्वतःच गाई. बीबी गावचा बशीर लाकूड कोरी, बैलगाड्या रंगवी आणि डफ असा वाजवी की म्हाताऱ्यांचेही पाय हलत. आठवडाभर दोघं किसनरावांच्या बंगल्यावरच मुक्कामाला होते. आज चार वाजता दोघांचे खेळ आणि लगेच निकाल.

"आणि माणिकराव म्हणते, बशीरनंच उचलला," किसनराव म्हणाले. माणिकराव त्यांचे कारभारी. "चारपर्यंत गणपती नाही भेटला तर पोराले घरी धाडा लागन. चोर म्हणून एकदा नाव झालं, तर त्याले पुढं कोण दारात उभं करन?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले नाही वाटत तो चोर. पण माह्या वाटण्यानं काय होते?"

अर्जुनरावांनी टरफलं झटकली. "जानराव, दुकानाला कुलूप लावा."

बंगल्याच्या दिवाणखान्यात लांब बाकावर बाहुल्या ओळीनं टेकून बसवल्या होत्या. एक जागा रिकामी होती. तिथे एक अख्खी सुपारी आणि चिमूटभर तांदूळ पडले होते. वर भिंतीच्या खुंटीला गणपतीचा दोऱ्यांचा फुलीसारखा दांडा टांगलेला. दोरे तोडलेले नव्हते. गाठी सोडून ते दांड्याला नीट गुंडाळून ठेवले होते.

"हे पाहा," माणिकराव सुपारीकडे बोट दाखवत म्हणाले. "बशीर पान खाते. घाईत खिशातून पडली. अन् काल संध्याकाळी हा इथून शालीखाली काहीतरी लपवून निघाला, ते म्या डोळ्यानं पाह्यलं. रातपासून न्हाणीतलं पितळी गंगाळही गायब आहे. पाहुणे आले की असंच होते."

"सापळ्यात सापडलाच की," जानराव हळूच म्हणाले.

अर्जुनरावांनी सुपारी बोटांत फिरवली आणि होती तिथेच ठेवून दिली.

बशीर मागच्या अंगणात विहिरीवर बादली भरत होता. विशीतला, किडकिडीत, बोलायला मोजका.

"काल संध्याकाळी दिवाणखान्यात कशाला गेला होतास?"

"मी नाही गेलो, साहेब."

"परवा?"

"परवाबी नाही."

अर्जुनरावांनी त्याचा हात धरून नाकाशी नेला. जवसाच्या तेलाचा आणि राळेचा उग्र वास.

"बैलगाडीचं रोगण?"

"हाव. आमचा धंदाच आहे."

"पण इथं तर एकही गाडी रंगवायला नाही."

बशीरनं मान खाली घातली. "मले हाकलायचं असन तं हाकला, साहेब. मी गणपती नाही घेतला. याच्याहून जास्त मी नाही बोलणार."

"खोटं बोलला," बाजूला येताच जानराव म्हणाले.

"बोलला खरा. पण स्वतःसाठी बोलला, असं कोण म्हणतं?"

मंजुळेचे डोळे रडून सुजले होते. गणपतीशिवाय तिचा खेळ सुरूच होत नव्हता. आधी गणपती नाचणार, मगच बाकीच्या बाहुल्या.

"कागदाचा लगदा अन् माती मेथीच्या पाण्यात मळून केला होता मी त्याले," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी केला, म्हणून रंग कच्चाच राह्यला. बोट लागलं तरी रंग हाताले ये. बशीरभाऊनं सांगतलं होतं, रोगणाचा हात दे म्हणून. पण मले ते काम येत नाही, अन् दुसऱ्याचा हात लागलेली वस्तू बाद, असा नियम आहे न."

"काल रात्री पाहिला होतास?"

"हाव. कंदिलाच्या उजेडात चमकून राह्यला होता. मले वाटलं, माह्याच डोळ्याले पाणी आलं."

"बशीरवर तुझा संशय आहे?"

"बिलकूल नाही! माही आत्या त्याच्या हातचं पाणी पीत नाही, तरी तिच्या आंघोळीची बादली तोच रोज भरून देते. असा माणूस काऊन चोरी करन?"

आत्या म्हणजे रुख्मिणीबाई. आईविना पोर त्यांनीच वाढवलेली, सोबतीलाही त्याच आलेल्या. खोलीत खाटेवर ताठ बसल्या होत्या. शेजारी चहाचा कप तसाच, वर साय धरलेला.

"चहा घेतला नाही?"

"आज काही घ्यायचं नाही मले."

"पूजा झाली?"

"कशाची पूजा, बापू? घरचे देव शेजारणीपाशी ठेवून आली. परक्या घरी भिंतीले हात जोडा लागतात."

"गणपती गेला, पोरगी रडतेय. तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"होईन सगळं नीट," त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा पदर खाटेच्या कडेवरून आणखी खाली ओढून घेतला. "त्याले काळजी आहे."

अर्जुनरावांनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन किसनरावांना म्हणाले, "सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा. गणपती घरातच आहे."

सगळे जमले. बशीर दाराशीच उभा राहिला.

"माणिकराव," अर्जुनरावांनी सुरुवात केली, "पान खाणारा खिशात कातरलेली सुपारी ठेवतो. अख्खी फोडायला अडकित्ता लागतो. अख्खी सुपारी आणि तांदूळ आपण कधी मांडतो? देव जागेवरून हलवताना. जागा मोकळी राहू नये म्हणून. चोर असं करील का?"

माणिकरावांनी कान खाजवला.

"आता दोरे पाहा. चोर हिसडा मारून तोडील. इथे एकेक गाठ सोडलीय. ज्यानं नेला, त्यानं बाहुली नेलीच नाही. देव नेला. आणि रात्रीच गंगाळ नेलं. देव आणि गंगाळ. म्हणजे गंगाळात काय भरलं असेल, जानराव?"

जानरावांनी जिंकल्यासारखी मान हलवली. "प्रसाद!"

"पाणी, जानराव, पाणी! मनातली इच्छा पुरी होईपर्यंत आपल्या आयाबाया देव पाण्यात ठेवतात आणि उपास धरतात. पण घरचे देव शेजारणीकडे राहिलेत. मग परक्या घरी देव आणायचा कुठून?"

सगळ्यांच्या नजरा रुख्मिणीबाईंकडे वळल्या.

"आत्या!" मंजुळा किंचाळली. "तो कागदाचा आहे गं! इरघळून गेला असन!"

"देव काय इरघळते?" रुख्मिणीबाईंचा आवाज मात्र कापत होता. "माह्या पोरीले वृत्ती भेटू दे, एवढंच मागतलं. बोललं तं फळ जाते, म्हणून तोंड मिटून राह्यली. बशीरवर आळ आला हे मले कोणी सांगतलं नाही बाप्पा, देवाशपथ!"

मंजुळा खोलीकडे धावली आणि मागोमाग सगळे. खाटेखालून तिनं गंगाळ ओढलं, वरचं ताट बाजूला केलं. जानरावांनी तर डोळेच मिटून घेतले.

गणपती पाण्यात बसला होता. सोंड शाबूत, कान शाबूत. लाल लालच होतं आणि पिवळं पिवळंच. पाण्यात रंगाचा एक धागासुद्धा उतरला नव्हता.

मंजुळा हसता हसता रडू लागली. किसनरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. एवढं हायसं त्यांना कापसाला भाव मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

"आता बशीरचं," अर्जुनराव म्हणाले. "रात्री गणपती जागेवरच होता, म्हणजे संध्याकाळी याच्या शालीखाली तो नव्हता. आणि कच्चा रंग पाण्यात टिकला कसा? रोगण वाळायला अख्खा दिवस लागतो, म्हणजे परवा दुपारीच यानं गुपचूप गणपतीला रोगण दिलं. काल संध्याकाळी वाळलं का ते पाहिलं आणि बाकामागे दडवलेलं फडकं नि वाटी शालीखाली घालून नेली. म्हणून हाताला तो वास, म्हणून गणपतीला ती चमक. खरं सांगितलं असतं तर स्वतः सुटला असता, पण दुसऱ्याचा हात लागला म्हणून मंजुळेची बाहुली बाद झाली असती. पोरानं चोर म्हणवून घेतलं, पण तिचा खेळ मोडला नाही."

बशीर म्हणाला, "हाताच्या घामानं रंग गेला असता, साहेब. इतकी चांगली चीज. मले राहवलं नाही."

"पण नियम तो नियम," माणिकराव पुटपुटले. "परक्याचा हात लागला म्हणजे बाद."

"नियम म्याच केला," किसनराव म्हणाले. "दोघांनी मिळून एक खेळ केला, तं परका कोण राह्यला? तिच्या बाहुल्या, याचं लाकूड अन् डफ. खोली मोठी आहे, खेळ जमला तं खर्च दोघांचा करू. अशीच पोरं पाह्यजे होती मले. चार वाजता खेळ करा. मग सांगतो निकाल."

"तं मग चारले गणपती नाही भेटणार," रुख्मिणीबाई गंगाळापुढे बसत म्हणाल्या.

"काऊन?"

"मागणं पुरं झाल्याबिगर देव बाहेर नाही काढत."

किसनरावांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनरावांनी छताकडे पाहिलं. गणपती बाहेर आल्याशिवाय खेळ नाही, खेळाशिवाय निकाल नाही, आणि निकालाशिवाय गणपती बाहेर येत नाही. जन्मभर कापसाचे सौदे करणारा माणूस एका म्हातारीपुढे अडकला होता.

किसनराव पोट धरून हसले. "दिली! दोघांले दिली! आता तरी काढा."

मंजुळा हात पुढे करणार, तोच रुख्मिणीबाईंनी तिला अडवलं. "तू नाही. बशीर, तू काढ."

बशीर जागचा हलला नाही. "आत्याबाई, माहे हात तेलाचे आहेत."

"त्याच तेलानं वाचला न माहा देव? काढ."

बशीरनं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी गणपती वर उचलला. थेंब अंगावरून घरंगळले आणि खाली टपटपले. तो सांभाळत दिवाणखान्याकडे चालू लागला. जानराव पुढे धावले आणि बाकावरची सुपारी उचलून त्यांनी जागा करून दिली.

रुख्मिणीबाई सावकाश मागून आल्या आणि दाराशी टेकल्या.

"बशीर, देव ठेवला की मले तांब्याभर पाणी आणून दे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून घसा कोरडा आहे."