आतल्या चाकाचा आवाज

पटो न पटो, हे घडलेलं आहे. भर दुपारी, रस्त्याकडेच्या एका गॅरेजात. ज्याच्यासोबत घडलं त्याला सगळे धाकटा म्हणतात. थोरला भाऊ वारला, तरी हा धाकटाच राहिला.

यात त्याचा फायदा काय होता, ते आधी ऐका.

एक दुपारची झोप. बस्स.

मेव्हण्याचा पिकअप आला होता. मागे जोडचाकं, एक आत, एक बाहेर. टायर बदलून पुन्हा चढवायची होती.

थोरल्याची, म्हणजे दादाची, पद्धत ठरलेली. दोन चाकं जिथे एकमेकांना टेकतात, ती जागा तो फडक्याने लख्ख पुसायचा. "गाल पुसल्याशिवाय गळाभेट नाही," म्हणायचा. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत चाक मध्यावर आणायचा. शेवटी प्रत्येक नटावर हातोडी. घट्ट नट खणखणतो. सैल नट ठप्प बोलतो.

धाकट्याने नट आवळले. चाक फिरवून पाहिलं, डुगडुगत नव्हतं. पुसणं मात्र टाळलं. हातोडीही भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलीच राहिली.

मेव्हणा समोर चहाला गेला. धाकटा बाकावर आडवा झाला.

टण...

टण...

टण...

ठप्प.

त्याने डोळे उघडले. हातोडी खिळ्यावरच होती. गॅरेजात कोणी नव्हतं.

आवाज आतल्या चाकातून आला होता... जिथे बाहेरचं चाक काढल्याशिवाय बोटही शिरत नाही.

भीती वाटायला हवी होती. त्याला नुसता कंटाळा आला. चाकं पुन्हा उतरवायची, म्हणजे झोप गेली.

त्याने कूस बदलली.

"भावोजी, झालं?" मेव्हण्याने येऊन उठवलं.

"झालं."

"दादांसारखं?"

"दादा काय आभाळातून पडला होता? ने गाडी."

"फरशी भरून उतारावर जायचंय, म्हणून विचारलं."

"तुला काही झालं तर तुझी बहीण मला जेवू घालेल का? जा."

उतारावरच मागची चाकं निखळली. गाडी कलंडली. मेव्हणा वाचला, पण एक पाय गुडघ्यापासून गेला.

चाकं गॅरेजात परत आली. धाकट्याने आतलं चाक उलटं केलं.

गंजाने, चिखलाने माखलेला गाल... अर्धा पुसलेला होता. लख्ख. फडकं गोल गोल फिरवल्याच्या खुणांसह.

बाकीचा अर्धा तसाच.

 बायको ताट वाढते, पाणी ठेवते, उठून जाते. तोही जेवतो. चव विचाराल, तर सांगता येत नाही.

आता तो प्रत्येक चाकाचा गाल पुसतो. प्रत्येक नटावर हातोडी मारतो. सगळे खणखणतात.

तरी दुपारी, गॅरेज रिकामं असताना...

टण... टण... टण...

ठप्प.

तो उठतो, चाकं उतरवतो. काहीही सैल नसतं.

झोप काढली धाकट्याने. पाय गेला मेव्हण्याचा. आणि सुट्टी बुडाली दादाची... मेल्यावरही तो रोज कामावर येतो.