‘कोणताही’ नावाचा प्रकार

नवा वजनकाटा जोडल्या जोडल्या मात्रायंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि ऊर्जिता घैसासला शंका आली. पंधरा वर्षं ती यंत्रांच्या आज्ञावली लिहीत होती. पहिल्या फटक्यात सगळं पास झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

रुग्णालयाच्या नवजात कक्षात औषधाचा थेंबही, बाळाच्या वजनावरून मात्रा काढणाऱ्या या यंत्राशिवाय जात नसे. त्याची आज्ञावली म्हणजे फलनांची, छोट्या छोट्या हिशेबांची, साखळी: प्रत्येक फलन एक गोष्ट आत घेतं, एकच बाहेर देतं. काय घेणार, काय देणार, त्याचा प्रकार, म्हणजे किलो की ग्रॅम वगैरे, आधीच लिहून ठेवायचा. पूर्वतपासणी सगळे सांधे जुळवून बघते आणि एक जरी जुळला नाही, तरी यंत्र सुरूच होऊ देत नाही. दिवा हिरवा म्हणजे काळजी मिटली. आकड्याकडे आता कुणी ढुंकूनही पाहत नसे.

तिने आज्ञावली उघडली. जुना काटा किलो द्यायचा, नवा ग्रॅम; म्हणजे मात्रा हजारपट. मग सांधा जुळला कसा? तिथे प्रकाराच्या जागी लिहिलं होतं ‘कोणताही’, म्हणजे काहीही आलं तरी चालेल. शेजारी टीप: ‘तात्पुरतं. नंतर बघू.’ टीप तिचीच होती. दोन वर्षांपूर्वी तपासणी अडून बसली, मुदत संपत आली, तेव्हा या धंद्यातले सगळेच करतात तसं तिनेही तपासणीचं तोंड बंद केलं होतं.

“सिस्टर, थांबा! बटण दाबू नका. चूक माझी आहे.”

लोखंडे सिस्टरांनी हात मागे घेतला. काचपेटीत नऊशे ग्रॅमचं बाळ औषधाची वाट पाहत होतं.

“सुरू तर करू,” डॉ. बागवान म्हणाले. “चुकलं तर थांबेलच ना?”

“चालता चालता तपासणारी यंत्रंही असतात, डॉक्टर. हे तसं नाही. आणि त्यांनाही चूक कळेपर्यंत औषध शिरेत गेलेलं असतं.”

सिस्टरांनी चष्मा लावला, केसपेपरच्या पाठीवर मात्रा हाताने काढली, पुन्हा ताडून पाहिली. कक्षात तेवढ्या एकट्यांनाच ते येत होतं. औषधही त्यांनी हातानेच दिलं. ऊर्जिताला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

मग तिने ‘कोणताही’ खोडलं. दिवा लाल झाला. दुरुस्तीला निदान चार तास लागणार होते. हीच आज्ञावली आणखी चौतीस रुग्णालयांत चालत होती आणि नवे काटे तिकडेही आजच पोचत होते. सगळीकडची यंत्रं थांबवणारा आदेश तिने लिहून काढला.

“पाठवा लगेच,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टर केसपेपरवरचा आपला हिशेब अजून पाहत होत्या.

“पाठवा, मॅडम. पण तिकडं हातानं मात्रा काढणारं कुणी उरलंय का?”