सात घंटांचा पाळणा

रामहरी गुरव तापातून उठला तर रामनवमीचा पाळणा चुकू देणार नाही, असा नवस त्याची बायको प्रयागबाई बोलली होती. देवानं ऐकलं. रामहरी उठला, पण हातापायांत जीव नव्हता. आणि चौतीस सालची नवमी तर दारात येऊन उभी राहिली.

इंदापुरातल्या त्या राममंदिराच्या मनोऱ्यात सात घंटा. जन्माच्या वेळी, भर बाराला, त्यांवर पाळणा वाजवायचा मान गुरवांचा. थोरल्या चार घंटा रामहरी हातापायांना दोऱ्या बांधून वाजवी. धाकट्या तीन त्याचे वडील, गेणूतात्या. तात्या श्रावणात गेले. वर्षश्राद्ध होईतो गेलेल्याच्या घंटा मुक्या ठेवायच्या, म्हणून तिन्हींचे लोलक काढून घरी पेटीत ठेवलेले.

"चारच वाजीव," आठ दिवस अंगणात प्रयागबाईला शिकवताना रामहरी म्हणायचा. "पन चुकू नगंस. चुकलीस तर मान दुसऱ्या घरी जाईल."

देवळाच्या पायरीवर शेजारच्या धोंडाबाईनं टोमणा मारलाच. "चार घंटांचा पाळणा? रामाला आर्धाच झोका देतीस व्हय गं?"

"देते. पन पडू देनार न्हाय," म्हणून प्रयागबाई पदर खोचून वर चढली.

वर बाहेरच्या उन्हाचा मागमूस नव्हता. गार दगड, वटवाघळांचा कुबट वास. खाली जन्माचा गजर झाला नि तिनं पहिली दोरी ओढली. दुसरी. तिसरी... आणि जिथं सूर तुटायचा, तिथं तो तुटला नाही. वरून बारीक घंटा बोलली. मग तिच्याशेजारची.

उजव्या खांद्याजवळ कुणीतरी दमानं श्वास घेत होतं. तंबाखूचा वास आला.

"तात्या...?"

नुसती दोऱ्यांची करकर. तिनं मान वळवली नाही. नवस तिचा होता. हात थांबवून चालणार नव्हतं. पाळणा सातही घंटांवर पुरा झाला.

खाली गुलाल उधळला. धोंडाबाईसुद्धा पाया पडली. प्रयागबाईची मान त्या दिवशी ताठ होती, आणि का नसावी? रामहरी मात्र पायरीला धरून बसलेला.

"तिसरा ठोका जरा मागं ऱ्हायला..." तो हळूच म्हणाला. "ती खोड तात्याचीच."

घरी येऊन तिनं पेटी उघडली. तिन्ही लोलक फडक्यात, गाठ तशीच. सोडून हात लावला, तर चटका बसला.

तेव्हा बायांनो, तुमच्यावर कधी असा मान आला, तर तिच्यासारखंच करा. दोरी सोडू नका. उजवीकडं बघू नका. आणि बसताना जरा डावीकडं सरकून बसा. त्यांना हात हलवायला जागा लागते.