संध्याकाळचे वॉट

पुण्याच्या भाषायंत्र प्रयोगशाळेत डॉ. केतकी देवतळे पडद्यावरच्या आलेखाकडे बघत बसली होती. आलेख परतवाड्यातल्या एका घरगुती संगणकाच्या वीजवापराचा होता. प्रयोगशाळेच्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो संगणक तिच्या वडिलांचा होता.

प्रभाकरराव वनखात्यातून निवृत्त झाले आणि काही वर्षांत त्यांचे कान पार गेले. श्रवणयंत्राशी त्यांचं कधी पटलं नाही. शेवटी केतकीने स्वतः घडवलेला ‘श्रुतलेखक’ त्यांच्या संगणकावर बसवून दिला. समोरचा माणूस, मग तो खोलीतला असो की फोनवरचा, जे बोलेल ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटायचं. जुन्या ग्राफिक्स कार्डाला हे काम झेपत नव्हतं. अक्षरं रेंगाळत यायची आणि प्रभाकरराव वैतागायचे. म्हणून दिवाळीला गेली तेव्हा केतकीने एक दांडगं नवं कार्ड बसवलं. संगणकातला जुना पॉवर सप्लाय एवढा भार सोसेल की नाही, ही धास्ती होतीच. तिने प्लगला एक वीजमापक जोडला आणि त्याचे आकडे थेट पुण्यात दिसतील अशी सोय केली.

ती धास्ती फुकट गेली. सकाळी रेघ चांगली वर चढायची, पण संध्याकाळी केतकीचा रोजचा फोन सुरू झाला की जमिनीला टेकायची. आधी तिने कार्डाला दोष दिला. कार्ड ठणठणीत निघालं, तेव्हा मात्र ती खरी घाबरली.

समोर डॉ. शिरीन मुल्ला बसली होती. मेंदूविकारतज्ज्ञ, आणि वसतिगृहातल्या दिवसांपासूनची मैत्रीण.

“मला समजेल असं सांग,” शिरीन म्हणाली. “रेघ खाली गेली तर माणूस आजारी कसा?”

“श्रुतलेखक नुसता ऐकत नाही, तो आधी अंदाज बांधतो. पुढचं वाक्य काय असेल याचा. अंदाज बरोबर आला तर काम तिथंच संपतं. चुकला की त्याच्या कृत्रिम मेंदूचं सगळं जाळं जागं होतं आणि कार्ड वीज खायला लागतं.”

“म्हणजे वीज जळते ती फक्त अनपेक्षितावर.”

“हो. नव्या कार्डावर मोठं जाळं बसलंय, त्याला माणसाची सवयही लवकर लागते. सकाळी शेजारच्या मंदाकाकू गप्पा मारायला येतात, तेव्हा वापर वर असतो. संध्याकाळी माझ्याशी बोलताना काहीच नाही. बाबांचं बोलणं आटत चाललंय. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी गोंधळ वाढतो, असं तूच सांगितलं होतंस ना?”

“वाढतो. आणखी काही लक्षणं?”

“मी विचारायच्या आधीच उत्तरं देतात. परवा नमस्कार केला न केला तोच म्हणाले, गोळी घेतली. मग म्हणाले, वांग्याची भाजी खाल्ली. मी जेवणाचं अजून विचारलंही नव्हतं. आणि वर सांगतात काय, तर ‘तू बोलायच्या आधी मी वाचतो.’”

पुण्यात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या एका निवासात तिने खोली बघून ठेवली होती. शिरीनने मान डोलावली असती, तर पुढच्या आठवड्यात परतवाड्याच्या घराला कुलूप लागलं असतं. घरामागे प्रभाकररावांची रोपवाटिका होती. ‘मी येत नाही, बाई. चारोळी आत्ता कुठं रुजून राहिली,’ असं त्यांनी सांगून टाकलं होतं. हा हट्टही केतकीने लक्षणांत धरला होता. शिकलेल्या माणसाने एकदा निदान ठरवलं की त्याला पुरावे कमी पडत नाहीत.

शिरीनने मान डोलावली नाही. तिने आलेख जवळ ओढला.

“अंदाजाची अगदी खात्री असेल, तर यंत्र वाट बघतं?”

“नाही. लिहून टाकतं. वेळ वाचावा म्हणून मीच तसं केलंय.”

“समोरच्याने बोलायच्या आधी?”

“हो,” केतकी म्हणाली.

“आता हे सांग. बाबा स्वतः काय बोलतात, तेही यंत्र लिहितं?”

“ते कशाला? स्वतःचं बोलणं त्यांना वाचायची काय गरज? फक्त समोरच्याचं...”

सकाळच्या रेघेत मंदाकाकूंचं बोलणं होतं. संध्याकाळच्या रेघेत प्रभाकररावांचा एक शब्द नव्हता. ती सगळी केतकी होती.

“चारोळीचं काय सांगत होते परवा?” शिरीनने हळूच विचारलं.

केतकीला आठवेना. रुजण्याबद्दल काहीतरी होतं, आणि तेवढ्यात तिने थंडीचं विचारलं होतं. तिला मनापासून लाज वाटली. बाबा खरं तेच सांगत होते. प्रश्न पडद्यावर आधी येत होता, आणि ते मुकाट्याने उत्तर देत होते.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला आणि आलेख शेजारी उघडा ठेवला. नमस्कार झाला.

“घेतली गोळी,” प्रभाकरराव म्हणाले. “अन् स्वेटरही घातला.”

केतकीने एवढी वर्षं यंत्रांना बोलायला शिकवलं, आणि स्वतःच्या बापाशी काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिने सांगून टाकलं.

“बाबा, तुम्ही आजारी आहात असं मी ठरवून बसले होते. तुम्ही आजारी नाही. पण आजारी असता तर तुम्हाला इथं आणता आलं असतं. मला या गावात घरचं कोणी नाही. घरी आल्यावर बोलायला तुमचा हा फोन सोडला तर काही नाही, आणि त्यातही मी गोळ्या विचारत बसते.”

शेजारची रेघ उठली आणि चढत राहिली. परतवाड्याला प्रभाकरराव पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

“काऊन गं, काही लिहून येऊन नाही राहिलं. कार्ड जळालं का तुयं?”

“नाही बाबा. थांबा जरा.”

अक्षरं एकेक करून उमटू लागली. प्रभाकररावांनी चष्मा पुसला, सगळं वाचलं, परत वरून वाचलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“मंग?” ते म्हणाले. “पुढं बोल. वाचून राहिलो मी.”