पाचव्या चाकाची हवा

२०२२ साल. डिसेंबरचा पहिला आठवडा. नाशिकात थंडी नुकती कुठे चढू लागली होती.

ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप म्हणावं. पण वाल्मीक माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याने मला सांगितलं, तसंच्या तसं सांगते.

द्वारका चौकाजवळ त्याचं टायरचं दुकान. त्या सकाळी शफीचाचा गाडी घेऊन आले. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वाल्मीकचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"काय शेठ, माझी गाडी येडी करून टाकलीस! आठ दिवसांपूर्वी तू चाकं अदलाबदल करून दिलीस ना, तेव्हापासून डॅशबोर्डवर हवेचा दिवा लागतोय. मागचं डावं, हवा कमी."

"चाचा, थंडीने हवा आकसते. गाडी जरा तापली की जाईल दिवा."

"बघ तरी. दिंडोरीला पोरीकडे, आयशाकडे चाललोय. तुझी चाची रोज डोकं खाते, दुसरीकडे दाखवा म्हणून."

वाल्मीकने मागच्या डाव्या चाकाला मीटर लावला. तेहतीस. अगदी बरोबर.

रांगेत सहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बाकीच्या तीन चाकांना त्याने हातही लावला नाही.

"हवा ठीक आहे चाचा. सेन्सरच येडा झालाय. बिनधास्त जा."

"तू म्हणतोस म्हणजे झालं!"

दुपारी बातमी आली. दिंडोरीच्या अलीकडे टायर फुटून गाडी झाडावर गेली होती. चाचा जागीच गेले.

फुटलं होतं... पुढचं उजवं.

वाल्मीकला तेव्हा आठवलं. चाकं अदलाबदल केली, की कुठलं चाक आता कुठे बसलंय ते यंत्राने गाडीला नव्याने शिकवावं लागतं. तेच तो विसरला होता. मागचं डावं चाक त्याने पुढे उजवीकडे बसवलं होतं, आणि गाडी बिचारी जुनीच जागा दाखवत होती.

दिवा खरं बोलत होता.

पोलिसांनी टायर जुना होता म्हणून लिहिलं. वाल्मीकने आपली चूक कुणाला सांगितली नाही.

आठ दिवस गेले.

त्याच्याकडे टीव्हीच्या रिमोटएवढं ते यंत्र होतं. चाकाजवळ धरलं की आतल्या सेन्सरचा नंबर आणि हवा दाखवणारं. भर दुपारी एका गाडीची चार चाकं तपासून त्याने यंत्र टेबलावर ठेवलं. गाडी निघून गेली.

यंत्र पुन्हा वाजलं...

पाचवं चाक. हवा सव्वीस.

नंबर त्याने चाचांची चाकं बदलताना मोबाईलमध्ये काढलेल्या नंबरांच्या फोटोशी ताडून पाहिला. एकदा. दोनदा.

चाचांचं फुटलेलं चाक.

ते तर फाटून पोलीस ठाण्याच्या आवारात पडलं होतं.

चार दिवसांनी तेवीस. मग एकवीस...

मग आवाज सुरू झाला. कॉम्प्रेसर बंद असला, की रिकाम्या कोपऱ्यातून बारीक... सूं...

टायर हळूहळू गळतो ना, तसा.

पंक्चर शोधायला टायरवर साबणाचं पाणी टाकतात. वाल्मीकने ते कोपऱ्यातल्या फरशीवर ओतलं.

फरशी धड होती. कुठे भेग नाही.

तरी बुडबुडे आले... एकामागून एक.

घरी येऊन त्याने सगळं बायकोला सांगितलं. सविता म्हणाली, "मला त्या आवाजाचं काही कळत नाही. पण चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला जाल तेव्हा चाचीला खरं सांगून टाका. अहो, तिला कळायला नको का?"

तो गेला. यंत्र खिशात होतं. दारात पाहिलं तेव्हा हवा चार उरली होती.

चाचींनी, गुलजारबींनी, त्याला जवळ बसवून घेतलं.

"वाल्मीकभाई, एकच विचारते. त्या दिवशी चारही चाकं पाहिली होती ना?"

घर माणसांनी भरलेलं. आयशा सरबताचा ट्रे घेऊन समोर उभी.

खिशात यंत्र वाजलं.

"पाहिली होती, चाची. चारही."

यंत्र पुन्हा वाजलं... आणि थांबलं. त्याने पाहिलं. शून्य.

"मग अल्लाची मर्जी," गुलजारबी म्हणाल्या. "मी उगाच तुमच्यावर शक घेत होते. माफ करा, भाई."

माफी त्यांनी मागितली. त्यांनी!

तेवढ्यात आयशाने मान वळवून दाराकडे पाहिलं. "अम्मी... आत्ता बाहेर कोण गेलं?"

कोणीच गेलं नव्हतं.

दुकानातला तो सूं आवाज पुन्हा कधी आला नाही. पण दुकान वाल्मीकने दोन महिन्यांत बंद केलं. सविता शिवणकामावर घर चालवते. गुलजारबी २०२४च्या पावसाळ्यात गेल्या, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. आयशा दिंडोरीलाच असते. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवते, अब्बूंचा दोस्त म्हणून. वाल्मीक डबा घेतो. झाकण काढत नाही.

गेल्या ईदला मी म्हटलं, "अरे, निदान त्या पोरीला तरी सांग."

"दोनदा गेलो ताई, बसने," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मी कडी वाजवायच्या आत आतून कोणीतरी म्हणालं... आत येऊ नकोस."

आवाज चाचांचा होता. रागावलेला नव्हता, असं वाल्मीक म्हणतो.

मला मात्र तेव्हापासून धड झोप नाही. चाळिसाव्याला खरं सांगायला दार उघडं होतं; आता चाचांनीच ते लावून घेतलंय.